विश्लेषण : संगणक सुरू होताना आवाज का करतो? तो बंद कसा करायचा?

अभ्यासिकेत सगळे मान खाली घालून वाचत असतात. कोणी तरी लॅपटॉप उघडून बटण दाबतो आणि एक सूर खोलीभर घुमतो. वीस माना एकाच वेळी वर होतात. एका खोलीच्या घरात रात्रपाळीचे काम करणाऱ्याला हाच सूर झोपलेल्या बाळाची आठवण करून देतो. अवघ्या दोन-तीन सेकंदांचा हा आवाज. पण तो कुठून येतो, बंद कसा होतो आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाचा, यावर जगातल्या दोन मोठ्या संगणक कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत अनेकदा आपली भूमिका बदलली आहे. हा आवाज गप्प करण्याचे मार्ग सोपे आहेत. मात्र त्याआधी कोणता आवाज गप्प करावा आणि कोणता करू नये, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न आता पुन्हा का?

‘विंडोज १०’ वापरणाऱ्यांना अनेक वर्षे हा आवाज फारसा ऐकू येत नव्हता, कारण त्या प्रणालीत तो मुळातच बंद ठेवलेला होता. ‘विंडोज ११’ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि तिच्याबरोबर आवाज परतला. या प्रणालीत तो आपोआप चालू असतो. ‘विंडोज १०’साठी नियमित मोफत अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे घरातले, कार्यालयातले आणि महाविद्यालयातले अनेक संगणक नव्या प्रणालीकडे वळले किंवा बदलले गेले. कालपर्यंत मुकाट सुरू होणारे यंत्र आज अचानक सूर लावू लागले, तर ते बिघडलेले नाही. एक पर्याय तेवढा चालू आहे.

आवाज नेमका कोण करते?

संगणक सुरू होताना एकच आवाज येतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे घटक आवाज करू शकतात आणि प्रत्येकाचे बटण वेगळ्या ठिकाणी असते. पहिला घटक म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेली आज्ञावली. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या-नव्या संगणकांत ती बायोस किंवा यूईएफआय या नावाने ओळखली जाते. बटण दाबताच, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह येण्याच्या सुमारास जो ‘बीप’ किंवा सूर ऐकू येतो, तो हिचा. दुसरा घटक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. पासवर्ड विचारणारा पडदा येताना वाजतो तो सूर तिचा. तिसरा घटक म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी ॲप्स. पासवर्ड टाकून डेस्कटॉप दिसू लागल्यावर संदेश, चॅट किंवा अँटिव्हायरसचे जे ‘टिंग टिंग’ ऐकू येते, ते त्यांचे.

हा फरक महत्त्वाचा आहे. विंडोजमधील पर्याय बंद करूनही आवाज येत राहिल्याची तक्रार अनेक जण करतात. अशा वेळी बहुधा बटण एका घटकाचे बंद केलेले असते आणि आवाज दुसराच करत असतो. त्यामुळे आवाज बंद करायला निघण्यापूर्वी तो कोणत्या क्षणी येतो, हे एकदा नीट पाहावे. बोधचिन्हाबरोबर, पासवर्डच्या पडद्याबरोबर की डेस्कटॉप दिसल्यानंतर? अर्धे उत्तर तिथेच मिळते.

मुळात आवाजाची गरज का पडली?

‘आयबीएम’चा पहिला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. बटण दाबल्यावर तो आधी स्वतःची तपासणी करत असे. मेमरी ठीक आहे का, कीबोर्ड जोडलेला आहे का, पडद्याला चित्र पुरवणारे कार्ड जागेवर आहे का, असे प्रश्न तो स्वतःलाच विचारे. या चाचणीला ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ म्हणतात. सगळे ठीक असेल तर एक छोटा ‘बीप’ वाजे. काही बिघाड असेल तर ‘बीप’ची संख्या आणि लांबी बदले. उदाहरणार्थ, एक लांब आणि दोन छोटे ‘बीप’ म्हणजे पडद्याच्या कार्डात अडचण.

हे सांगायला आवाजच का निवडला? पडद्याचे कार्डच बंद पडलेले असेल तर पडद्यावर संदेश कुठे दाखवणार? आवाज काढायला मात्र एक छोटा स्पीकर आणि साधी टायमर चिप पुरेशी होती. हा आवाज सजावटीसाठी नव्हता. आंधळ्या झालेल्या यंत्राला बोलण्यासाठी उरलेली ती एकमेव वाट होती. शिवाय त्या काळात संगणक सुरू व्हायला बराच वेळ लागे. बटण दाबून दुसरे काम करणाऱ्या माणसाला यंत्र जागे झाल्याची वर्दी हवी असे. रेशन दुकानासमोरच्या रांगेत नंबर पुकारावा, तसे ते होते.

‘बीप’चा सूर कसा झाला?

ॲपलचा पहिला मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला, तेव्हा तोही सुरू होताना साधा ‘बीप’च करत असे. पुढे ॲपलमध्ये ध्वनीचे काम पाहणारे अभियंता जिम रीक्स यांना कंपनीच्या यंत्रांचा तेव्हाचा सुरुवातीचा आवाज कानाला खटकत होता. त्या काळी मॅक अधूनमधून बंद पडत आणि पुन्हा सुरू करावे लागत. म्हणजे वापरणारा आधीच वैतागलेला असताना हा आवाज त्याच्या कानावर पडे. रीक्स यांना तिथे मन शांत करणारा स्वर हवा होता. त्यांनी आपल्या घरच्या स्टुडिओत, ‘कॉर्ग वेव्हस्टेशन’ या सिंथेसायझरवर, ‘सी मेजर’ स्वरसमूह ध्वनिमुद्रित केला. हार्मोनियमवर सा, ग आणि प एकदम दाबावेत, तसा हा भरघोस स्वर. १९९१ च्या ‘क्वाड्रा ७००’ या मॅकमध्ये तो पहिल्यांदा वाजला. त्याची रूपे बदलत गेली, पण मॅकची ओळख म्हणून जगाला ठाऊक असलेला स्वर याच घराण्यातला. २००८ च्या ‘वॉल-ई’ या चित्रपटातील यंत्रमानव पूर्ण चार्ज झाल्यावर हाच स्वर काढतो आणि प्रेक्षकांना तो लगेच ओळखू येतो.

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’साठी ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांना पाचारण केले. ‘ॲम्बियंट’ म्हणजे वातावरणात विरघळून जाणाऱ्या संगीताचे ते अध्वर्यू. कंपनीने त्यांच्यापुढे विशेषणांची लांबलचक यादी ठेवली. संगीत आशादायी हवे, भावपूर्ण हवे, जगाला आवडेल असे हवे आणि हे सगळे सव्वातीन सेकंदांत बसायला हवे! ईनो यांनी ८४ छोट्या रचना केल्या. त्यांतून निवडलेली रचना शेवटी सुमारे सहा सेकंदांची निघाली. गमतीचा भाग म्हणजे ती त्यांनी मॅकवर तयार केली होती, असे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितले. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने एप्रिल २०२५ मध्ये या सुराचा समावेश राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत केला. जतन करण्याजोग्या ध्वनींच्या या यादीत गाणी आणि भाषणे असतात. त्यांच्या पंगतीला आता संगणक सुरू होण्याचा आवाज जाऊन बसला आहे.

महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या कानात ‘विंडोज ९८’ आणि ‘विंडोज एक्सपी’चे सूर पक्के बसले आहेत. एमएस-सीआयटीचे वर्ग आणि तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे यांमध्ये संगणकाची पहिली ओळख झाली, ती याच सुरांच्या साथीने. ‘एक्सपी’चे ध्वनी बिल ब्राऊन या अमेरिकी संगीतकाराने केले होते. तेव्हा तो सूर ऐकून कोणी वैतागत नसे. संगणक हाती लागणेच अप्रूपाचे होते आणि तो सुरू झाल्याची वर्दी आनंदाची होती.

कंपन्यांना हा आवाज इतका प्रिय का?

कारण तो फुकटची जाहिरात आहे. बोधचिन्ह पाहायला पडद्यासमोर असावे लागते, आवाज मात्र शेजारच्या खोलीतही पोहोचतो. त्यामुळे ध्वनीकडे नाममुद्रा, म्हणजेच ब्रँडचा भाग म्हणून पाहिले जाते. ॲपलने आपल्या सुरुवातीच्या सुराची अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली असून, ती २०१२ मध्ये झाली. भारतातही ध्वनीची अशी नोंदणी होते. २००८ मध्ये ‘याहू’च्या आरोळीला देशातील पहिले ध्वनिचिन्ह म्हणून मान्यता मिळाली. २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांनुसार अशा अर्जासोबत जास्तीत जास्त ३० सेकंदांची एमपी-३ फाइल द्यावी लागते.

म्हणजे एकाच आवाजाला दोन धनी आहेत. यंत्र वापरणाऱ्यासाठी तो वर्दी आहे, कंपनीसाठी ओळख. दोघांचे हित जुळते तोवर वाद होत नाही. ते जुळेनासे झाले, तेव्हा मात्र वाद झाला.

‘व्हिस्टा’च्या वेळी काय घडले?

‘विंडोज व्हिस्टा’ची तयारी सुरू असताना मायक्रोसॉफ्टने तिच्या सुरावर बरीच मेहनत घेतली. ‘किंग क्रिम्सन’ या बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांना ध्वनिमुद्रणासाठी बोलावण्यात आले. अंतिम सूर चार स्वरांचा ठरला. ऑगस्ट २००६ मध्ये बातमी फुटली, की हा सूर वापरकर्त्याला बंद करता येणार नाही. यंत्र जागे झाल्याची ही छोटीशी खूण आहे आणि प्रणालीच्या ओळखीचा भाग आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता.

त्यावर टीकेची झोड उठली. नुकतेच मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले ब्लॉगलेखक रॉबर्ट स्कोबल यांनीही हा हट्ट सोडण्याची विनंती जाहीरपणे केली. लोकांचा मुद्दा साधा होता. यंत्र आम्ही विकत घेतले आहे, खोली आमची आहे, मग तिथे आवाज कधी व्हावा हे कंपनी कशी ठरवणार? अखेर कंपनीला माघार घ्यावी लागली. ग्राहकांसाठी जानेवारी २००७ मध्ये ‘व्हिस्टा’ आली, तेव्हा ध्वनीच्या पर्यायांत आवाज बंद करण्याची एक चौकट होती. मात्र तो सूर बदलून आपल्या आवडीचा लावण्याची सोय नव्हती. ‘विंडोज ७’मध्येही तोच सूर आणि तीच चौकट कायम राहिली. आज ‘विंडोज ११’मध्ये आपण ज्या चौकटीतली खूण काढतो, तिच्यामागे हा वाद आहे.

मग मधल्या काळात आवाज गायब का झाला?

संगणकाची जागा बदलली म्हणून. टेबलावरचा संगणक घरात किंवा कार्यालयात एका ठिकाणी असे आणि दिवसातून एकदा सुरू होई. लॅपटॉप आणि टॅब्लेट बैठकीत, वर्गात, रेल्वेत आणि अंथरुणातही सुरू होऊ लागले. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी आल्यामुळे सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. वाटच पाहायची नसेल तर वर्दी कशाला? २०१२ मध्ये आलेल्या ‘विंडोज ८’मध्ये मायक्रोसॉफ्टने हा आवाज मुळातच बंद ठेवला. प्रणाली लवकर सुरू व्हावी, हाही त्यामागचा एक विचार होता. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून हेच केले. त्या यंत्राचे झाकण उघडताच ते आपोआप सुरू होत असे. झाकण उघडले की आवाज, हे समीकरण लोकांना रुचणारे नव्हते.

पण मग उलट तक्रारी सुरू झाल्या. अनेकांना तो सूर हवाहवासा वाटत होता. दुरुस्ती करणाऱ्यांचीही अडचण झाली. इंटेल चिप असलेल्या मॅकमधील काही मूलभूत नोंदी पुसताना कीबोर्डवरील चार कळा एकदम दाबून धरायच्या आणि दुसऱ्यांदा सूर ऐकू आला की सोडायच्या, अशी पद्धत होती. सूरच नाही, तर कळा सोडायच्या कधी? नोव्हेंबर २०२० मधील ‘बिग सर’ या आवृत्तीत ॲपलने सूर परत आणला आणि तो बंद करण्याची चौकटही दिली. वर्षभरात मायक्रोसॉफ्टनेही ‘विंडोज ११’मध्ये तेच केले. सक्ती आणि बंदी अशी दोन्ही टोके गाठून दोन्ही कंपन्या एकाच जागी पोहोचल्या. आवाज राहील, पण बटण वापरणाऱ्याच्या हाती राहील.

विंडोजमध्ये तो बंद कसा करायचा?

‘विंडोज ११’मध्ये सेटिंग्ज उघडावे. डावीकडील यादीतून पर्सनलायझेशन निवडावे, मग थीम्स आणि त्यानंतर साउंड्स. एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात खालच्या बाजूला ‘प्ले विंडोज स्टार्टअप साउंड’ असे लिहिलेली चौकट दिसते. तिच्यातील खूण काढून आधी अप्लाय आणि मग ओके दाबावे. काम झाले. ‘विंडोज १०’मध्येही याच नावाची चौकट याच खिडकीत असते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, हा आवाज पासवर्ड टाकण्याआधी वाजतो. त्या क्षणी संगणकासमोर कोण बसले आहे, हे यंत्राला माहीत नसते. म्हणून हा पर्याय एका वापरकर्त्यापुरता नसून संपूर्ण संगणकाला लागू होतो. घरात एकाच संगणकावर तिघांची खाती असतील, तर एकाने केलेला बदल तिघांना लागू होईल. दुसरी, त्याच खिडकीत ‘साउंड स्कीम’ नावाचा पर्याय असतो. तिथे ‘नो साउंड्स’ निवडले तर सूचनांचे इतर आवाजही बंद होतात. केवळ सुरुवातीचा आवाज नको असेल, तर त्याला हात लावू नये.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात पन्नास संगणक असतील, तर प्रत्येकासमोर बसून चौकट शोधण्याची गरज नाही. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत ‘ग्रुप पॉलिसी’ नावाची सोय असते. तिच्यातील कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम आणि लॉगऑन या क्रमाने गेल्यास ‘टर्न ऑफ विंडोज स्टार्टअप साउंड’ हा नियम सापडतो. तो लागू केला की नेटवर्कवरील सगळे संगणक एकदम गप्प होतात.

मॅक आणि लिनक्समध्ये?

मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या चिन्हावरून सिस्टीम सेटिंग्ज उघडावे, साउंड निवडावे आणि ‘प्ले साउंड ऑन स्टार्टअप’ हा पर्याय बंद करावा. ‘बिग सर’ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेल्या यंत्रांत तो मिळतो. २०१६ पूर्वीच्या मॅकमध्ये ही सोय नसेल, तर जुनी युक्ती कामी येते. संगणक बंद करण्यापूर्वी त्याचा आवाज पूर्ण बंद, म्हणजे म्यूट करावा. ती नोंद यंत्राच्या कायमस्वरूपी मेमरीत राहते आणि पुढच्या वेळी सूर वाजत नाही.

लिनक्समध्ये सरसकट एक उत्तर नाही, कारण डेस्कटॉपचे प्रकार अनेक आहेत. नव्याने लिनक्सकडे वळणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या ‘मिंट’च्या ‘सिनॅमन’ आवृत्तीत सिस्टीम सेटिंग्जमधील साउंड विभागात साउंड्स नावाचा भाग असतो. तिथे ‘स्टार्टिंग सिनॅमन’समोरचे बटण बंद केले की पुरे.

म्यूट करूनही आवाज का येतो?

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. रात्री काम संपवताना आवाज म्यूट केलेला असतो आणि सकाळी वर्गात लॅपटॉप उघडताच तो मोठ्याने वाजतो. याचे कारण असे, की संगणक प्रत्येक ध्वनियंत्राची पातळी स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. रात्री इअरफोन जोडलेले असताना म्यूट केले, तर तो नियम इअरफोनपुरता राहतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरची पातळी आधी होती तेवढीच असते. ब्लूटूथ हेडफोन तर बहुधा पासवर्ड टाकून झाल्यावर जोडले जातात. त्याआधी वाजणारा सूर साहजिकच स्पीकरवर जातो.

त्यामुळे घाईच्या वेळी करायचा सोपा उपाय असा. इअरफोन काढावेत, मग म्यूट करावे आणि त्यानंतर लॅपटॉप बंद करावा. त्याहून सोपे म्हणजे पूर्ण बंद न करता झाकण मिटून स्लीप अवस्थेत ठेवणे. झोपेतून जागे होताना विंडोज किंवा मॅक सुरुवातीचा सूर वाजवत नाही. बैठकीला किंवा अभ्यासिकेत जाण्यापूर्वी घरीच लॅपटॉप सुरू करून झाकण मिटले, तरी पुरते.

बोधचिन्हाबरोबरच आवाज येत असेल तर?

गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या काही लॅपटॉपमध्ये बटण दाबताच चलतचित्रासह जोरदार आवाज येतो. हा विंडोजचा नसून फर्मवेअरचा असतो. त्यामुळे विंडोजमधील चौकटीचा त्यावर परिणाम होत नाही. तो बंद करायचे दोन मार्ग असतात. कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेल्या ॲपमध्ये पर्याय असल्यास तो वापरावा. उदाहरणार्थ, असूसच्या ‘आरओजी’ लॅपटॉपमध्ये ‘आर्मरी क्रेट’ हे ॲप असते. नाही तर बायोसमध्ये जावे लागते.

बायोसमध्ये जाण्यासाठी बटण दाबल्याबरोबर एक ठरावीक कळ दाबत राहावी लागते. डेल, असूस आणि एसर यांच्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा एफ-२, एचपीमध्ये एफ-१० आणि लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये एफ-१ असते. तिथे ‘बूट साउंड’, ‘बीप’ किंवा ‘पोस्ट लोगो’ अशा नावाचा पर्याय शोधावा, बदल जतन करावा आणि बाहेर पडावे. इतर कशालाही हात लावू नये. विशेषतः ‘सिक्युअर बूट’ आणि ‘टीपीएम’ या शब्दांपासून दूर राहावे. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर तिथल्या बदलामुळे संगणक पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल, तर आवाज बंद करायला गेलेल्या माणसाला आपल्याच फाइलपर्यंत पोहोचता येणार नाही.

आवाज डेस्कटॉप दिसल्यानंतर येत असेल, तर तो ॲपचा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप ॲप्स’ या यादीत जी ॲप्स नको असतील ती डिसेबल करावीत. आवाज थांबेलच, शिवाय संगणकही लवकर तयार होईल.

कोणता आवाज बंद करू नये?

आजारी यंत्राचा. टेबलावरचा संगणक सुरू होताना अचानक ठरावीक अंतराने ‘बीप’ करू लागला आणि पडदा काळाच राहिला, तर तो काही सांगू पाहतो आहे. मेमरीची पट्टी, म्हणजे रॅम सैल झाली असेल किंवा पडद्याचे कार्ड नीट बसलेले नसेल. ‘बीप’चा अर्थ कंपनीनुसार बदलतो. म्हणून किती लांब आणि किती छोटे ‘बीप’ झाले ते मोजावे, फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे आणि आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे. इंटेलच्या मॅकमध्ये दर पाच सेकंदांनी एक ‘बीप’ म्हणजे रॅम सापडत नाही. तीन ‘बीप’ आणि मग पाच सेकंदांचा खंड, म्हणजे रॅम चाचणीत नापास झाली. दुरुस्तीवाल्याला ‘चालू होत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘तीन वेळा वाजतो आणि थांबतो’ असे सांगितले, तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

अलीकडच्या अनेक मदरबोर्डवर हा छोटा स्पीकर नसतोच. त्याऐवजी बिघाड दाखवणारे छोटे दिवे असतात. ते कुठे आहेत, हे पुस्तिकेत पाहून ठेवलेले बरे.

हा आवाज कोणाला हवाच असतो?

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५० लाख होती. डोळस माणसाला बोधचिन्ह दिसते, दिवा दिसतो, पासवर्डची चौकट दिसते. दृष्टिबाधित माणसासाठी बटण दाबल्यानंतरचा काळ हा निव्वळ शांततेचा असतो. यंत्र सुरू झाले, अपडेटमध्ये अडकले की बॅटरीच संपली आहे? सुरुवातीचा सूर या तिन्ही शंकांचे उत्तर देतो. आता पासवर्ड टाकायला हरकत नाही, हे त्यातून कळते. ‘एनव्हीडीए’सारखे मोफत स्क्रीन रीडर सुरू होताना स्वतःचा छोटा सूर वाजवतात, तेही याच कारणासाठी. विंडोजमध्ये पासवर्डच्या पडद्यावरही विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबून पडदा वाचून दाखवणारा नॅरेटर सुरू करता येतो. मॅकमध्ये कमांड आणि एफ-५ दाबून व्हॉइसओव्हर सुरू होतो.

ॲपलने ‘आयफोन १४’पासून फोन सुरू आणि बंद होतानाचे सूर दिले. ते मुळात बंद असतात आणि सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे सुगम्यतेच्या विभागात, ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’खाली ‘पॉवर ऑन अँड ऑफ साउंड्स’ या नावाने सापडतात. ज्या आवाजाकडे जाहिरात म्हणून पाहिले गेले, त्याचे खरे काम काय होते, हे या जागेवरून स्पष्ट होते.

म्हणूनच सार्वजनिक संगणकांबाबत थोडी काळजी घ्यावी लागते. ग्रंथालयात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा परीक्षा केंद्रात सगळे आवाज एका फटक्यात बंद करणे व्यवस्थापकाला सोयीचे असते. पण हा पर्याय संपूर्ण यंत्राला लागू होतो. त्यामुळे निदान काही यंत्रांवर तो चालू ठेवणे आणि तिथे हेडफोन जोडून देणे, हा साधा आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. शांतता हवी असणारा आणि वर्दी हवी असणारा, असे दोघेही मग एकाच खोलीत काम करू शकतात.

थोडक्यात काय?

आवाज बोधचिन्हाबरोबर आला तर बायोस किंवा कंपनीचे ॲप, पासवर्डच्या पडद्याबरोबर आला तर सेटिंग्जमधील चौकट आणि डेस्कटॉपनंतर आला तर टास्क मॅनेजर. घाई असेल तर इअरफोन काढून म्यूट करावे किंवा झाकण मिटून ठेवावे. पडदा काळा आणि ‘बीप’ चालू असेल, तर मात्र आवाज बंद करायच्या भानगडीत न पडता तो मोजावा. घरातला किंवा कार्यालयातला संगणक आणखी कोणी वापरत असेल, तर खूण काढण्यापूर्वी त्यालाही एकदा विचारून घ्यावे.